विमलकाकूंचं ऊन

१

दर शनिवारी सकाळी यतिन चहाचा दुसरा कप घेऊन डायनिंग टेबलाशी बसायचा आणि शेडचं चित्र काढायचा. स्प्रिंगफील्ड लेक्समधले बाकीचे नवरे शनिवारी गवत कापतात, गाड्या धुतात. यतिनचं गवत गुडघ्याला लागलं होतं, मुलगा मिहिर युनिव्हर्सिटीत शिकायला मेलबर्नला गेलेला होता, आणि हा आपला पट्टी-पेन्सिल घेऊन बसलेला. तयार पत्र्याची शेड दुकानात खोक्यात घालून मिळते, दुपारपर्यंत उभी राहते. पण याला तशी नको होती. याला लाकडी हवी होती, जुन्या पद्धतीची. सॉल्टबॉक्स म्हणतात त्या घाटाची: दुपाखी छप्पर, पण एक पाखं आखूड आणि वर चढलेलं, दुसरं लांब, उतरत उतरत पार छातीपर्यंत आलेलं.

"इतकी वाकडी कशाला?" मंजिरीने विचारलं. "लोक म्हणतील इंजिनिअरला सरळ छप्पर जमलं नाही."

"छान दिसते. वेगळी."

हे खोटं होतं. दिसण्याशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. कुंपणालगत बांधायचं तर नियम सरासरी उंची बघतो, आणि ते लांब पाखं सरासरी खाली ओढतं. त्याच्या जोरावर कुंपणाकडची भिंत चांगली चढवता येते. यतिनच्या अंगणातून पाहिलं तर शेड गरीब बिचारी वाटणार होती. पलीकडून पाहिलं तर तटबंदी.

पलीकडे, दक्षिणेला, प्रल्हादचं घर होतं. हिवाळ्यात इथला, दक्षिण गोलार्धातला, सूर्य उत्तरेला कलून जातो. पुण्याहून आलेल्या माणसाच्या हे अंगवळणी पडायला काही वर्षं जातात, पण यतिनने आता ते उन्हाचं गणित कोळून प्यायलं होतं. प्रल्हादच्या घराला उत्तरेकडे पॅटिओ होता, त्याला सळ्यांचा कठडा होता, आणि कठड्यामागे वेताच्या खुर्चीत प्रल्हादची आई, विमलकाकू, सकाळपासून दुपारपर्यंत उन्हात बसायच्या. संधिवाताला तेवढंच औषध, म्हणायच्या.

ते ऊन यतिनला काढून घ्यायचं होतं.

कारण त्याच्याही आईचं ऊन कोणीतरी काढून घेतलं होतं. दोन हिवाळ्यांपूर्वी ती साताऱ्याहून आली तेव्हा यतिनने तिच्यासाठी मागच्या अंगणात, याच कुंपणाला टेकून, पत्र्याचं एक छप्पर घातलं होतं. आई त्याला ओसरी म्हणायची. तिथे एक शेगडी, एक पाट, कुरडया वाळवायला एक जुनी चादर. सकाळची कामं आटपली की ती उन्हात बसून फुलवाती वळायची. चिमटीत कापूस, बोटाला दुधाचा थेंब, शेंडा पिळायचा, डब्यात टाकायचा. लाख वातींचा नेम धरला होता तिने. मग कोणीतरी कौन्सिलकडे, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडे, निनावी तक्रार केली. परवानगी नाही, कुंपणाला लागून आहे, धूर येतो. ओसरी पाडावी लागली. "माझ्यापायी तुम्हाला ताप नको," म्हणून आई तिकीट बदलून निघून गेली, आणि साताऱ्याच्या उन्हं न येणाऱ्या फ्लॅटमध्ये त्याच वर्षी गेली. यतिन पोचला तेव्हा सगळं उरकलं होतं.

प्रल्हाद दुसऱ्या एका कौन्सिलमध्ये प्लॅनिंगला होता. कायदा त्याला तोंडपाठ. शिवाय एकदा तो हसत म्हणालाही होता, "तुझ्या आईची भूपाळी आमच्याकडेसुद्धा ऐकू येते हां." यतिनला आणखी पुराव्याची गरज वाटली नाही. तो प्रल्हादशी पूर्वीसारखाच बोलायचा, दिवाळीला फराळ द्यायचा, आणि घरी येऊन पुन्हा पट्टी-पेन्सिल घेऊन बसायचा.

२

पहिला खड्डा खणण्याआधी मंजिरीने पूजेचं ताट आणून ठेवलं. "शेड असली म्हणून काय झालं? जमीन उकरतोयस. नारळ तरी फोड."

यतिनने खड्ड्याच्या जागी हळद-कुंकू वाहिलं. गुरुजी नव्हते, मंत्र येत नव्हते. पण संकल्प सोडायचा असतो एवढं लहानपणापासून पाहिलेलं होतं, म्हणून त्याने उजव्या तळव्यावर पळीभर पाणी घेतलं आणि डोळे मिटले. मनात दुसरं काही आलंच नाही. *त्या पॅटिओवरचं ऊन माझ्या आईला मिळू दे.* त्याने पाणी सोडलं. आई जाऊन दीड वर्ष होत आलं होतं, पण रागाला तारीख कुठे कळते.

"काय मागितलंस?" मंजिरीने विचारलं.

"काम नीट होऊ दे म्हटलं."

काम नीटच झालं. ऑफिस सुटलं की यतिन अंगणात. खांब उभे राहिले, काँक्रीट बसलं, चौकटी जमिनीवरच ठोकून तयार झाल्या. उंच भिंतीची चौकट उभी करायला आणि आढं चढवायला मात्र दोन माणसं लागणार होती. यतिन कोणाला बोलवावं या विचारात होता तेवढ्यात कुंपणावरून डोकं वर आलं.

"एकटाच काय करतोयस रे? थांब, आलो," प्रल्हाद म्हणाला.

आणि तो आला. बूट घालून, हातमोजे घालून. त्यानेच भिंतीच्या चौकटीला खांदा दिला, त्यानेच शिडीवर चढून आढ्याचं दुसरं टोक धरलं. लेव्हल लावून बघत म्हणाला, "जरा माझ्याकडे ढकल. हां, आता प्लंब आहे, सरळ उभी. मस्त शेप आहे रे, जुन्या फार्मवर असते तशी."

"तुमच्याकडून जरा उंच वाटेल," यतिन म्हणाला.

"नो वरीज. शेजाऱ्याची शेड आहे, विमानतळ थोडाच आहे?"

यतिन हसला. मनापासून हसला. ज्याची मान कापायची त्यानेच सुरीला धार लावून द्यावी, अशी गंमत आयुष्यात रोज मिळत नाही. मधेच विमलकाकूंनी कुंपणावरून तिखटामिठाच्या पुऱ्यांचा डबा दिला. "खाऊन घ्या रे पोरांनो, ऊन आहे तोवर," त्या म्हणाल्या. यतिनने पुऱ्या खाल्ल्या, आणि चांगल्या झाल्यात म्हणूनही सांगितलं.

३

फळ्या लागल्या, पत्रे चढले, आणि जूनच्या मध्यावर, ऐन हिवाळ्यात, भिंतीची सावली प्रल्हादच्या पॅटिओवर पडली.

यतिनने वरच्या मजल्यावरच्या बाथरूमच्या खिडकीतून ते पाहिलं. आधी कठडा बुडाला, मग वेताच्या खुर्चीचे पाय, मग काकूंच्या मांडीवरची शाल. काकूंनी खुर्ची मागे सरकवली. थोड्या वेळाने आणखी मागे. शेवटी खुर्ची घराच्या भिंतीला टेकली आणि सरकायला जागा उरली नाही. त्या जरा वेळ तशाच बसून राहिल्या, मग कठड्याला धरत धरत आत गेल्या. यतिनला इतकं बरं वाटलं की त्याने त्या दिवशी मंजिरीला बाहेर जेवायला नेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो शेडमध्ये अवजारं लावायला गेला. आत अंधार होता, कारण खिडकी त्याने ठेवलीच नव्हती. उंच बाजूला उभं राहता येत होतं, लांब पाख्याखाली वाकून जावं लागत होतं. करवत खुंटीला लावताना त्याला उंच भिंतीच्या पायथ्याशी, काँक्रीटवर, उन्हाचा एक तुकडा दिसला.

राहिली असेल फट, त्याने मनाशी म्हटलं. पण फटीतून येणारं ऊन रेघ असतं, फार तर कवडसा. हा चांगला चटईएवढा तुकडा होता आणि त्यात समान अंतरावर उभ्या काळ्या रेघा होत्या. यतिनने सिलिकॉनची नळी आणली. छपराच्या कडा भरल्या, स्क्रूंची भोकं भरली, दाराच्या खालची फट गोणपाटाने बंद केली. शेडमध्ये स्वतःचा हात दिसेना इतका अंधार झाला. उन्हाचा तुकडा होता तिथेच होता.

प्रल्हादच्या सोलर पॅनलवरून येत असेल, असं त्याने ठरवलं. भिंतीतून कसं येईल, हा प्रश्न त्याने स्वतःला विचारला नाही. इंजिनिअर माणूस, उत्तर नसलेले प्रश्न बाजूला ठेवायची सवय असते. त्याने फक्त वाकून तुकड्यात हात धरला. हात गरम झाला. हाताची सावली मात्र पडली नाही.

आणि त्या काळ्या रेघा कशाच्या, ते त्याला जेवताना घास तोंडात असताना कळलं. त्या प्रल्हादच्या पॅटिओच्या कठड्याच्या सळ्या होत्या.

४

त्यानंतर तो रोज जाऊ लागला. घरूनच काम असायचं त्या दिवशी तर दोन मीटिंगच्या मधे. मंजिरीला वाटलं, माणसाला छंद लागला, बरं झालं. आई गेल्यापासून तो मुका झाला होता.

तुकडा पसरत होता. सकाळी भिंतीशी उगवायचा आणि दुपारपर्यंत काँक्रीटवरून सरकत लांब पाख्याखाली यायचा, बाहेरच्या उन्हासारखाच. मग एका सकाळी त्यात सळ्यांच्या मागे आणखी काहीतरी पडलं होतं. गोल, बसकं. यतिनने ताडपत्रीचं गाठोडं म्हणून ते सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी गाठोड्याला डोकं होतं.

त्याला पहिल्यांदा विमलकाकू वाटल्या. पलीकडचं ऊन आलं, पलीकडच्या सळ्या आल्या, म्हणजे पलीकडची बाई येणार, असा त्याने हिशेब केला. भीती वाटली, आणि खरं सांगायचं तर मजाही वाटली. पण विमलकाकू खुर्चीत बसतात. ही सावली जमिनीवर बसली होती, एक पाय दुमडून, एक गुडघा वर. आणि तिचे हात चालले होते. डावा हात मांडीवर, उजवा चिमटीत काहीतरी धरून फिरवतोय, मग बाजूला टाकतोय, मग पुन्हा.

ती चिमूट यतिनच्या ओळखीची होती.

शेडमध्ये ताज्या लाकडाचा वास होता. त्याच्याखालून आता दुसरा वास येत होता, उन्हात तापलेल्या सुती पातळाचा आणि कापसाचा. कान दिला तर एक आवाजही होता, अगदी बारीक, बोटावर बोट घासल्याचा. आधी त्याला तो लाकूड वाळल्याचा वाटला. नवीन लाकूड बोलतं, सगळे सुतार सांगतात. पण लाकूड थांबून थांबून, वात टाकायला लागेल इतका वेळ घेऊन, बोलत नाही.

"आई," तो म्हणाला.

हात थांबले नाहीत. पण डोकं किंचित कललं, आई ऐकतेय पण काम सोडत नाही तेव्हा कलायचं तसं. यतिन उन्हाच्या काठाशी गुडघे पोटाशी घेऊन बसला आणि त्याला रडू आलं. साताऱ्याच्या त्या गार खोलीत जे त्याला करता आलं नाही ते इथे झालं होतं. आईला ऊन मिळालं होतं. ते कसं मिळालं आणि कोणाचं मिळालं, याची चौकशी करायची त्याला गरज वाटली नाही. मीटिंगचा फोन वाजत राहिला.

५

जुलैत एका रविवारी दुपारी प्रल्हाद आला. दाढी वाढलेली. त्याची बायको मेधा डार्विनच्या हॉस्पिटलमध्ये नोकरीला, तो आणि आई दोघंच इथे. त्याने चहा नको म्हटलं आणि टेबलाशी बसला.

"आईचं काहीतरी बिनसलंय रे. अंग गार पडतंय. जीपी डॉक्टर झाला, ब्लड टेस्ट झाल्या, सगळं नॉर्मल."

"वय झालं," यतिन म्हणाला.

"पॅटिओवर आता ऊन नाही म्हणून मी तिला काल तळ्यावर नेलं. बाकावर बसवलं. भर दुपार, पोरं टी-शर्टवर खेळतायत. ती म्हणते, प्रल्हाद, उन्हात ने ना मला." प्रल्हादने चेहरा हातांनी चोळला. "मी बघतोय, बाकावर ऊन आहे. माझ्या अंगावर आहे. तिच्या अंगावर नाही. तिच्या अंगावर सावली. वर झाड नाही, काही नाही. मला वेड लागलंय का?"

मंजिरी ओट्याशी उभी होती. तिच्या हातातला चमचा तसाच राहिला.

"मी तुझ्या शेडला दोष देत नाहीये," प्रल्हाद म्हणाला. "नियमात आहे, मला माहितेय. मी स्वतः चढवायला मदत केली. पण ती भिंत जरा खाली घेता आली तर? खर्च मी करतो. वेडेपणा वाटेल तुला. मला दुसरं काही सुचत नाही."

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, असं यतिन म्हणू शकला असता. पण समोर बसलेल्या माणसाची आई मरत होती आणि ती कशाने मरतेय हे त्याला ठाऊक होतं. भिंत पाडली तर त्या जगतील. पण मग शेडमध्ये जी बसली होती ती कुठे जाईल? एकदा तिची ओसरी त्याने स्वतःच्या हाताने पाडली होती, कौन्सिलचं पत्र खिशात ठेवून, तिच्या देखत. दुसऱ्यांदा पाडायची? आणि कोणासाठी, तर याच्यासाठी?

"आढं काढावं लागेल, प्रल्हाद. म्हणजे अख्खी शेडच. नाही जमायचं," तो म्हणाला.

प्रल्हाद मान हलवून उठला. दारात त्याने बूट घालायला बराच वेळ लावला.

यतिन तडक शेडमध्ये गेला. ऊन आता अर्ध्या जमिनीवर पसरलं होतं आणि सावली दाट झाली होती, इतकी की पातळाच्या निऱ्या ओळखू याव्यात. तिच्याशेजारी वातींचा ढीग पडला होता, त्याचीही सावलीच. हात भराभर चालले होते. आई इतकी घाई कधी करायची नाही. यतिनला ते खटकलं, पण उबेत बसल्यावर माणूस फार खटकवून घेत नाही.

६

दार उघडलं आणि मंजिरी आत आली. शेड बांधून झाल्यापासून ती पहिल्यांदाच तिथे आली होती. लांब पाख्याखाली वाकून ती उंच बाजूला येऊन उभी राहिली, बरोबर उन्हाच्या मधोमध.

"किती अंधार आहे इथे," ती म्हणाली.

तिला दिसत नव्हतं. ऊन तिच्या पावलांवर होतं, सळ्यांच्या रेघा तिच्या घोट्यांवरून गेल्या होत्या, आणि तिला दिसत नव्हतं.

"यतिन, पाड ही शेड."

"तू यात पडू नकोस."

"मला कळतं तू का बांधलीस. मी काय मूर्ख आहे? मला पहिल्या चित्रापासून कळत होतं. मला वाटलं, बांधून होईल, तुझा राग निवेल, मग गप्प बसलं तरी चालेल." तिने हात एकमेकांत अडकवले. "तक्रार प्रल्हादने नव्हती केली. मी केली होती."

यतिन उठून उभा राहिला.

"माझ्या घरात मी पाहुणी झाले होते. डबे कुठे ठेवलेत ते मला विचारावं लागायचं. मीटिंग चालू असताना मागून तळणाचा धूर, फोनवर मोठमोठ्याने बोलणं. तुला सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, म्हातारी आहे, घे चालवून. त्यांना तोंडावर कसं सांगणार? आपल्याकडे सून सांगते का असं? मला वाटलं, कौन्सिल ओसरी पाडायला लावेल, त्या घरात येऊन बसतील. खिडकीशी बसतील. एवढंच. त्या जातील असं मला नव्हतं वाटलं, यतिन. देवाशपथ नव्हतं वाटलं."

ती रडत होती. यतिनला तिला जवळ घ्यावंसं वाटलं नाही. त्याला जे वाटलं ते असं होतं: *तू होतीस. माझ्या ताटाशी बसून जेवत होतीस.*

बोटावर बोट घासल्याचा आवाज बंद झाला.

इतक्या आठवड्यांत तो आवाज एकदाही असा पुरता थांबला नव्हता. यतिनने खाली पाहिलं. सावलीचे हात मांडीवर स्थिर होते. तिने डोकं उचललं होतं. सावलीला चेहरा नसतो, ती कुठे बघते हे सांगता येत नाही, पण नाकाची आणि हनुवटीची कड मंजिरीच्या पावलांकडे वळली होती.

"बाहेर जा," यतिन म्हणाला.

"पाडशील ना?"

"मंजू, आधी बाहेर जा."

ती शहारली आणि दंड चोळत गेली. दार बंद झालं. यतिनने वळून पाहिलं तर काँक्रीट काळंकुट्ट होतं. ऊन नव्हतं, सळ्या नव्हत्या, काही नव्हतं. तो अंधारात हातांनी जमीन चाचपडत राहिला. सगळीकडे गार लागली.

७

दुसऱ्या दिवशी सकाळीच प्रल्हादचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. "आई चहा मागतेय. स्वतः उठून बाहेर बसली. पॅटिओवर अजून सावलीच आहे रे, पण म्हणते, उकडतंय, शाल काढ. तू काही केलंस का?"

"नाही," यतिन म्हणाला. भिंत होती तिथेच होती, तिची सावलीही होती तिथेच पडत होती.

त्याने फोन ठेवला आणि मंजिरी म्हणाली, "हीटर का बंद आहे?"

हीटर चालू होता. ती त्याच्या अगदी समोर बसली होती, अंगात मिहिरचा जुना स्वेटर. यतिनने तिचा हात हातात घेतला. तो फ्रिजमधून काढल्यासारखा होता.

त्याच दुपारी त्याने पहार उचलली. प्रल्हाद कुंपण ओलांडून मदतीला आला, काही न विचारता. पत्रे उतरले, वासे उतरले, आढं खाली आलं. उंच भिंत दोघांनी दोरी लावून अंगणात पाडली. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणतात, इथे वासे बिचारे गवतात गप्प पडून राहिले. पॅटिओवर ऊन आलं. विमलकाकूंनी पलीकडून हात हलवला. यतिनने खालचा काँक्रीटचा स्लॅबसुद्धा फोडला, हातांना फोड येईपर्यंत फोडला, कारण घरात गेलं की मंजिरी दिसायची.

तिला काही फरक पडला नाही. जीपी झाला, ब्लड टेस्ट झाल्या. सगळं नॉर्मल. तो तिला गाडीत घालून समुद्रावर घेऊन गेला, वाळूवर बसवलं. ती म्हणाली, "ढग कधी जाणार रे?" वर स्वच्छ निळं आकाश होतं.

ऊन त्याच्या रागामागून गेलं होतं, आणि आता काय करायला हवं हे यतिनला कळलं होतं. पहार लागत नव्हती, कोणाची मदतही लागत नव्हती. शनिवारी सकाळी तो किचनमध्ये गेला. तिथली खिडकी उत्तरेची, हिवाळ्यात सगळ्या घरात तिथेच पहिलं ऊन येतं. मंजिरी खिडकीशी उभी होती, चहाचा कप दोन्ही हातांत घट्ट धरून. ऊन तिच्या अंगावरून मागच्या लाद्यांवर पडलं होतं.

लाद्यांवर मंजिरीची सावली नव्हती. तिथे एक बाई बसली होती, एक पाय दुमडून, एक गुडघा वर, आणि तिचे हात चालले होते. आता तिला कसली घाई नव्हती.

यतिन तिच्यावर पाय न देता कडेने गेला. त्याने मंजिरीच्या खांद्यावर हात ठेवला.

"मंजू, झालं ते झालं. मी तुला माफ केलं."

ती वळली. तिचे ओठ निळसर झाले होते. "खरंच?"

"खरंच. आईलाही माहीत असेल, तू मुद्दाम नाही केलंस. तीही काही मनात धरणार नाही." त्याला हे सगळं म्हणायचं होतं. त्याला ती जगायला हवी होती. मिहिरची आई होती ती, त्याने प्रेमाने केलेली बायको होती. त्याने ते पुन्हा म्हटलं, सावकाश, एकेक शब्द, लाद्यांकडे बघत.

सावलीचे हात थांबले नाहीत. चिमूट फिरली, वात पडली. पुन्हा चिमूट फिरली.

"मग हे काय?" मंजिरीने विचारलं. ती त्याच्या दुसऱ्या हाताकडे बघत होती. "बोटं कसली पिळतोयस केव्हाची?"

यतिनने खाली पाहिलं. त्याचा उजवा हात मांडीशी लोंबत होता आणि त्याची चिमूट लाद्यांवरच्या हातांच्याच ठेक्यात फिरत होती. बोटांत कापूस नव्हता, काही नव्हतं. अंगठ्याची कातडी घासून लाल झाली होती, म्हणजे हे आजचं नव्हतं. त्याने सगळा जोर लावून मूठ मिटली.

लाद्यांवरच्या बाईनेही मूठ मिटली, आणि मांडीवर ठेवली, आणि वाट बघत बसली.

"थंडी वाढलीय," मंजिरी म्हणाली आणि तिने स्वेटरची चेन गळ्यापर्यंत ओढून घेतली.